गवत्याचं घर

सकाळी घनश्यामनं कोठ्याच्या आढ्याला टांगलेला फवाऱ्याचा पंप खाली काढला, आणि दारातून आत येणाऱ्या शकुबाईनं डोक्यावरचं शेणाचं टोपलं तिथंच उतरवून ठेवलं. भांडण ते एवढंच. आरडाओरड नाही, आदळआपट नाही. तिनं पंपाचा पट्टा एका हातानं धरला, त्यानं दुसऱ्या बाजूनं धरलेला होता. बैल रवंथ करायचे थांबून दोघांकडं पाहत राहिले.

"पात्या पाहून आली काय तू?" तो म्हणाला.

"आली."

"बुडाशी सडा पडला पात्यायचा. झाडावर फूल धरन तं बोंड धरन ना."

"पाह्यलं म्हनलं ना मी. पंप वर ठेवा."

आमच्याकडं पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, कळी येते तिला पाती म्हणतात. तीन पाकळ्यांची हिरवी ओंजळ, आणि तिच्या आत मिटलेलं फूल. ती ओंजळ गळाली की झाडाचं साल फुकट गेलं. घनश्यामच्या वावरात त्या श्रावणात पऱ्हाटी कमरेच्या वर गेली होती, पानं काळीभोर, आणि खाली मातीवर पिवळ्या पडलेल्या पात्या अशा पसरल्या होत्या, जशा लग्न उरकल्यावर मांडवात अक्षता राहतात. बीटीचं बी आलं तेव्हा सांगणारे सांगून गेले होते, आता बोंडअळीची चिंता सोडा. अळीची सोडली तर दुसऱ्या कशाची तरी आली. शेतकऱ्याच्या दारातलं भूत पिंपळावरून उतरते अन् चिंचेवर चढते, असं आमचे म्हातारे म्हणत.

पण शकुबाईचं भांडण पऱ्हाटीशी नव्हतं, पंपाशी होतं.

मागल्या साली आश्विनात घनश्याम डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारा मारत होता. वारा फिरला. सारं औषध अंगावर, तोंडावर. त्यानं बांधावरच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि उरलेल्या तासांत, पऱ्हाटीच्या ओळींत, फवारा मारूनच घरी आला. संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. शेजारच्या भीमराजनं त्याला मालाच्या ऑटोत घातलं, भीमराजच्या बायकोनं, कांताबाईनं, त्याचं डोकं मांडीवर धरलं, आणि शकुबाई रस्ताभर त्याचे पाय चोळत राहिली. मोठ्या दवाखान्यात त्या दिवसांत त्याच्यासारखे किती तरी पडले होते. तडफडून पडू नयेत म्हणून काहींचे हात पलंगाला बांधलेले. शकुबाईनं आपल्या माणसाचे बांधलेले हात पाहिले. ज्यानं जन्मभर बैलांना दावणीला बांधलं त्याला असं बांधलेलं पाहून ती भिंतीकडं तोंड करून बसली.

तो वाचला. घरी आला. मजुरीला, नांगराला, सगळ्याला लागला. पण तेव्हापासून त्याच्या डोळ्यांसमोर जणू कोणी जुन्या लुगड्याचा पदर धरला होता. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. शकुबाईला वाटायचं, सांगेल तेव्हा सांगेल. सुईत दोरा ओवायला त्यानं बंद केलं, चूल पेटवताना काडी दोनदा चुकायची, आणि वाटेवर समोरून माणूस आला की तो त्याच्या आवाजाची वाट पाहायचा. तिनं देवाला नवस केला नाही की बाबाला अंगारा मागितला नाही. पंप आढ्याला टांगला, तोही असा उंच की काढायचा म्हटलं तर पाटावर चढावं लागावं.

आज तो पाटावर चढला होता.

शेवटी त्यानं पंप परत टांगला, पण म्हणाला, "आज ठेवला. पोळ्यावर पाहीन."

पोळा तोंडावर होता. शकुबाईला तेवढीच उसंत मिळाली.

ती तशीच वावरात गेली. रात्रभर झिमझिम होऊन गेली होती, काळी माती पायाला धरत होती, दर पावलाला ढेकूळ वाढायचं आणि चालताना वाटायचं, पायात कोणी दगडाच्या वहाणा घातल्या. ती तास धरून चालत गेली. वावराच्या मधात पात्या बऱ्यापैकी झाडावर होत्या. जसा धुरा, शिवेचा बांध, जवळ येत गेला तसा सडा वाढत गेला. धुऱ्यापलीकडं कांताबाईचं बरड. मुरमाड, उताराचं, पेरून दाणा न येणारं. म्हणून तिनं ते गवतालाच सोडलेलं. पवना, तिखाडी, कुसळ, मध्येच रानतीळ. गुडघ्याच्या वर आलेलं गवत वाऱ्यानं एका अंगावर निजायचं आणि पुन्हा उठायचं.

शकुबाईनं धुऱ्यावरून वाकून गवतात हात फिरवला. गवतातून हिरवी फुंकर उठली आणि थोडी पुढं जाऊन बसली. तिनं ओंजळ मारून एक धरला. ढेकूण म्हणावा तर ढेकणासारखा चपटा, पण लांबट, हलका, रंगानं इतका हिरवा की जणू कोणी कोवळ्या पात्याचं टोक खुडलं आणि त्याला पाय लावून दिले. डोक्याला केसासारख्या दोन मिशा. तळहातावर तो पळाला नाही, थांबला, मिशा हलवल्या, आणि मग गेला. आमच्याकडं त्याला धड नावही नाही. गुराखी गवत्या म्हणतात. जन्मापासून सगळ्यांनी पाहिलेला, कोणी कधी हिशेबात न धरलेला. गवताचा रस प्यायचा, गवतात राहायचा. आता त्याला पऱ्हाटीच्या पातीचा रस गोड लागला होता.

गवत नसलं तर गवत्या नसेल, असं शकुबाईला वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

कांताबाई अंगणात म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत होती. भीमराज राजूरकडं खाणीवर मजुरीला गेलेला, महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. घर, म्हैस आणि बरड तिच्याच्यानं चालायचं. म्हैस गाभण होती. शकुबाई ओट्यावर टेकली, आडून आडून न बोलता सरळ म्हणाली की गवत काप. कांताबाईनं आधी न ऐकल्यासारखं केलं. मग ती समजावून सांगू लागली, जसं लहान पोरीला सांगावं. गवत दसऱ्याला कापतात. तेव्हा ते पिकतं, वाळतं, त्याच्या पेंढ्या होतात, आणि त्यावर म्हैस उन्हाळा काढते. आता कापलं तर पावसात कुजणार. शकुबाईला हे काय ठाऊक नव्हतं? तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, ठाऊक आहे.

"अर्धं काप मंग," कांताबाई म्हणाली. "तुह्या धुऱ्याकडचं. अर्धं राहू दे माह्या म्हशीले."

"अर्ध्यानं काय होते वं? पीडेची मारबत काय अर्ध्या घरातून काढतेत?"

"आमच्यात नाई काढत मारबत."

"मले मालूम हाये."

"मालूम हाये तं मले कायले सांगतं?"

म्हशीनं शेपटीनं पाणी उडवलं, ते दोघींच्या तोंडावर आलं. कांताबाईनं पदरानं आधी शकुबाईचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"भाऊनं पंप काढला काय?" तिनं विचारलं.

"काढला होता. ठेवला. पोळ्याच्या बादचं मी नाई सांगू शकत."

कांताबाईनं पितळी गुंडातलं राहिलेलं पाणी म्हशीच्या पाठीवर ओतून दिलं. मग म्हणाली, पोळा होऊन जाऊ दे, मग काप.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घनश्यामनं बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकले आणि त्यांच्या कानात आवतण दिलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी आंब्याच्या तोरणाखाली गावचे बैल उभे राहिले. झडत्या, पोळ्याची गाणी, सुरू झाल्या. एका म्हाताऱ्यानं त्या सालची झडती केली:

पऱ्हाटी वं पऱ्हाटी, तुह्या पात्या कोनं नेल्या?
आल्या पावन्यानं खाल्ल्या, राह्यल्या त्या सांडल्या.
पावना गेला जेवून, घरधनी उपाशी,
सांग माह्या नंदी, आता जाऊ कोनापाशी?

लोक हसले, हर बोला म्हणाले. तोरण तुटलं, बैल निघाले, आणि घनश्याम कासरा धरून जागेवरच उभा राहिला. तोरण तुटलेलं त्याला दिसलं नव्हतं. मागच्यानं हाळी दिली, काय बावा, बैलाले झोप लागली का तुले? लोक पुन्हा हसले. तोही हसला आणि बैल हाकले. बायांच्या घोळक्यातून शकुबाईनं ते पाहिलं. तिला हसू आलं नाही.

दुसरा दिवस करीचा. पोळ्याला दारात दोन्ही अंगांनी पळसाच्या फांद्या उभ्या करतात, त्या पीडेच्या मारबतीच्या नावानं करीच्या पहाटे उपटून गावाबाहेर नेऊन टाकायच्या, आणि जाताना घरातली सगळी पीडा त्यांच्यासोबत काढून द्यायची. त्या दिवशी बैलाला काम नाही, वावराला हात नाही. पण शकुबाई म्हणाली, काढून टाकायचाच तर हा दिवस आहे, याच्यापेक्षा चांगला दिवस कोणता? तिच्या आळीतल्या बायांनी ऐकलं. गेल्या साली कोणाचा दीर, कोणाचा भाऊ त्या दवाखान्यात होता. सगळ्या इळे घेऊन निघाल्या.

"ईडा, पीडा, रोगराई, माशा, मुरकुटं, ढेकनं, घेऊन जाय वं मारबत!"

शकुबाईनं त्या हाळीत गवत्याचंही नाव घातलं. फांदी तिनं वेशीबाहेर टाकली नाही, खांद्यावर घेऊन थेट बरडावर आली आणि धुऱ्यावर रोवली.

कापणी गावाकडच्या अंगानं सुरू झाली, कारण वाट तिकडून येते. वरून खाली, उतारानं, धुऱ्याच्या दिशेनं. इळ्यांचा आवाज ओल्या गवतात जाड यायचा. तिखाडीचा वास हाताला, लुगड्याला, घामाला लागला. इळ्यांच्या पुढं पुढं गवत्या उठायचे, थोडं पुढं जाऊन उभ्या गवतावर बसायचे, इळा आला की पुन्हा उठायचे. बायांना मौज वाटली. कोणी म्हणालं, पाहा कसे पळून राह्यले. दुपार कलता शेवटची पट्टी राहिली, धुऱ्याला लागून. तिच्यात ते इतके झाले होते की गवत उकळल्यासारखं हलत होतं. कांताबाई काठीला टेकून उभी होती. तिनं तिथंच एकदा म्हटलं, येवढी पट्टी राहू द्या, सकाळच्या दोन भाऱ्याले होईन म्हशीले. शकुबाईनं ऐकलं, पण हात थांबला नाही. शेवटची मूठ तिनंच कापली. गवत्या उठले, धुऱ्यावरून गेले, आणि बायांनी हर बोला केलं.

रात्रीपासून झड लागली. सूर्य दिसेना. कापलेलं गवत जागच्या जागी पिवळं झालं, मग काळं, मग त्यातून वाफ निघू लागली. कांताबाई भिजत जाऊन वरचं वरचं उचलून आणायची, म्हैस वास घेऊन तोंड फिरवायची.

उघाड पडली तशी दोघं नवराबायको वावरात गेली. घनश्याम पुढं, ती मागं. पहिल्याच तासात तो थांबला. त्याला दिसत काही नव्हतं, पण त्याच्या पायांवर काही तरी पडत होतं, हलकं, एकामागून एक. त्यानं वाकून उचललं. पाती होती. त्यानं समोरच्या झाडाच्या शेंड्यावर हात ठेवला, आणि हाताखालून हिरवी फुंकर उठली. पुढचं झाड तसंच. त्याच्या पुढचं तसंच. वावराच्या मधातही आता तेच.

तो धुऱ्यावर बसला. पलीकडं बरड भादरलेल्या डोक्यासारखं उघडं पडलं होतं.

"आपुन त्याचं घर मोडलं, शकू," तो म्हणाला. "घर मोडल्यावर तो कुठी जाईन? शेजारच्याच घरी येईन ना."

तिनं मातीतल्या पात्या वेचून पदरात घेतल्या, जसं काही त्या परत झाडाला लावता आल्या असत्या, आणि मग पदर सोडून दिला.

घरी येऊन त्यानं पाट ओढला, पंप काढला. रागात नाही. ज्याला दुसरं काही करायचं राहिलं नाही तसा. औषध कालवलं, तोंडाला उपरणं बांधलं. त्या वासानंच तो दवाखाना तिच्या नाकात आला. तिनं अडवलं नाही. त्याच्या मागं मागं वावरात आली. त्यानं पहिलं तास धरलं आणि दांडा हलवायला हात टाकला, तेवढ्यात ती त्याच्या पुढं शिरली आणि त्याच तासातून हळू हळू चालू लागली.

"बाजूले हो."

"मारा तुमी."

"शकू, तुह्या अंगावर जाईन."

"जाऊ द्या. कांताबाई दोघायले एकाच गाडीत घालून नेईन. येकाचे पाय चोळ्याचे वाचतीन."

तो थांबला. ती पाठमोरीच उभी राहिली.

"मंग खाऊ काय आपुन?" तो म्हणाला. "गवत?"

"तेबी राह्यलं नाई," ती म्हणाली.

त्याला हसू आलं की काय कोण जाणे, उपरण्याआड खोकल्यासारखा आवाज झाला. पऱ्हाटीतून वारा गेला, पात्या गळाल्या. तिनं मागं न पाहताच बोलायला सुरुवात केली.

"तूर हाये. जवारी हाये. मी मजुरीले जाईन, कोठीबी जाईन. पऱ्हाटी पुढल्या साली बी येईन. तुमी मले माह्या चालीवरून वळखता, तोंड नाई दिसत तुमाले, ते मले लय दिवसापासून मालूम हाये. बोल्ली नाई मी. जेवढं दिसते तेवढं तं राहू द्या."

पट्टा खांद्यावरून उतरवायला घनश्यामला वेळ लागला, कडी सापडेना. तिनं वळून ती काढून दिली. मग पंप तिनं उचलला, विहिरीपासून दूर, आपल्याच वावराच्या कोपऱ्यात खोल खड्डा करून औषध त्यात ओतलं, आणि माती लोटली.

त्याच संध्याकाळी ती कांताबाईकडं गेली. ओट्यावर टेकली नाही, उभीच राहिली. चुकलं माह्यं, एवढंच म्हणाली. आणि म्हणाली की यंदाचा जवारीचा कडबा सगळा तुझ्या म्हशीचा.

कांताबाई दळण पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"माही म्हैस कडब्याले नाक मुरडते," ती म्हणाली. "तुह्यासारखीच हाये, हेकट."

"मंग भिजवून देजो."

"देईन. बस आता. उभ्यानं कोनी कडबा देते काय?"

शकुबाई बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.

गवत पुन्हा फुटलं, आखूड, पोपटी. गवत्यांतले काही त्यात परत गेले, काही पऱ्हाटीतच जुने झाले आणि थंडीच्या पहिल्या वाऱ्यानं संपले. पऱ्हाटी मात्र माजली. बोंडाचा भार नाही म्हटल्यावर ती नुसती वाढत गेली, डोक्याच्या वर, पानंच पानं. रस्त्यानं जाणारा म्हणायचा, काय पीक हाये घनश्यामभाऊचं. घनश्याम त्याच्या आवाजावरून त्याला ओळखायचा आणि हो म्हणायचा. शेंड्याला उशिरानं थोड्या पात्या राहिल्या, त्यांची थोडी बोंडं झाली, लिंबाएवढी.

दिवाळी होऊन गेल्यावर ती फुटली. दरसाल वेचायला बायांची रांग लागायची, यंदा शकुबाई, घनश्याम आणि कांताबाई, एवढेच. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करायची रीत आहे. शकुबाईनं पऱ्हाटीच्या बुडाशी कणकेचे दिवे लावले, झाडाला हळद-कुंकू वाहिलं, दही-भात चारी दिशांना टाकला आणि जसं तिची सासू म्हणायची तसं म्हणाली, माय, ओटी भर. पूजा होईपर्यंत कांताबाई धुऱ्यावर थांबली, झाल्यावर आली आणि दही-भातासाठी तळहात पुढं केला. खाऊन म्हणाली, मीठ कमी हाये. मग तिनं ओटी खोचली आणि पलीकडचं तास धरलं.

घनश्याम वेचायला बायांसारखाच ओटी बांधून लागला होता. गावात पुरुष वेचत नाहीत, पाहणारे हसले असते, पण पाहणारं कोणी नव्हतं. तो बोटांनी वेचायचा. झाडावर वरून खाली हात फिरवायचा, बोंड लागलं की चार बोटं आत घालून कापूस एका झटक्यात ओढायचा. कधी पूर्ण यायचा, कधी एखादी पाकळी मागं राहायची. कधी हाताच्या उंचीहून वरचं एखादं पांढरंशुभ्र बोंड तसंच राहायचं, उन्हात चमकत.

शकुबाईनं त्याच्या पुढचं तास सोडलं आणि त्याचंच तास मागून धरलं. त्याच्या पाठोपाठ, पाय न वाजवता, राहिलेलं वेचत ती चालली. पाकळी, पाकळी, वरचं बोंड. कांताबाईनं पलीकडून पाहिलं, आणि पुढचं बोंड धरलं.

तासाच्या टोकाला, धुऱ्याशी पोचल्यावर तो थांबला, कमरेवर हात ठेवून वळला. मागचं सगळं तास त्याच्यासमोर हिरवं-करडं पसरलं असेल, त्याला जसं दिसायचं तसं.

"राह्यलं काय काई मांग?" त्यानं विचारलं.

शकुबाईनं पदराच्या ओटीवर हात दाबला. तिच्या ओटीत त्याच्या ओटीएवढाच कापूस होता.

"नाई," ती म्हणाली. "साफ झालं. धरा दुसरं."